कानातली वायर

चि. अजित,
पासलीहून आईचा आशीर्वाद.

आज लई आनंद झाला म्हणून लिहायला बसले. आपली प्रांजल हसली. दिवाळीत तू तिला मारून गेलास, तवापासून पोरगी बोलायचीच बंद झालेली. शाळेतल्या बाईंनी मोबाईलवरच्या मॅडम गाठून दिल्या. मनातलं ऐकणाऱ्या डॉक्टर हायेत त्या. आधी त्यांनी मलाच समजावलं, "आजी, तिचं बोलणं दुसऱ्या कुणी ऐकायचं नाही. आणि ती वायर कानात घालायची."

रेंज शेळ्यांच्या गोठ्यामागंच येते. तिला तिथं बसवली, शेजारी म्या बसले. आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून वायर म्या माझ्याच कानात घातली, कापसाच्या बोळ्यावाणी. तर मॅडम माझ्याच कानात म्हणाल्या, "प्रांजल, जवळ कुणी नाही ना?" म्या म्हणलं, "न्हाई, कुणीच न्हाई." पोरगी हसून आडवी झाली. मग वायर तिला दिली आन शेळ्या घेऊन लांब गेले.

परत आले तर रडून डोळे लाल, पण भाकरी मागून खाल्ली.

मॅडम म्हणाल्या, पुढं वडलांशीबी बोलू, पण आधी तिला इचारा. म्या इचारलं. "नको. बाबांना सांगूबी नको," म्हणाली. नुसती मान न्हाई हलवली रं, तोंडानं बोलली, धडधडीत.

म्हणून हे पत्र पेटीत टाकत न्हाई. ती व्हय म्हणंल तवा टाकीन. त्याच्या आधी आलास, तर दारात मीच उभी हाय.

तुझी आई,
भामाबाई