दारणेच्या शेवाळावर घट्ट उभे राहण्याविषयी

भद्रकाली, नाशिक
आश्विन वद्य पंचमी

पूज्य पुंजादाजी,

गोरक्षाचा वाकून नमस्कार. कुसाआक्काचा खोकला इगतपुरीच्या दमट हवेत कमी झाला का, मी धाडलेला काढा ती घेते की तुम्हीच चहासारखा पिऊन टाकलात (तुमची सवय मला ठाऊक आहे), आणि रुळांवरची तुमची गँग वेळेवर कामाला येते का, हे सर्व सविस्तर कळवावे. इकडे साळूबाई ठीक, सायकलचे दुकान ठीक, आणि मी तर इतका ठीक आहे की हल्ली चेहेडीच्या बाजूला गेलो की लोक मला बसायला घोंगडी टाकतात. ती का टाकतात, एवढे सांगायला हे पत्र आहे. लांबेल, म्हणून जेवून मग वाचावे.

देवळालीच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मी कंदील घ्यायला गेलो होतो. घेऊन आलो रबरी बूट. बूट म्हणजे तुम्ही समजता तसले नव्हेत. हे मांडीपर्यंत येतात आणि पट्ट्यांनी कमरेला अडकवावे लागतात. साहेबलोक ते घालून नदीत उभे राहतात आणि कोरड्या पायांनी मासे धरतात. (ही कल्पनाच मला इतकी थोर वाटली की कंदिलाची आठवण घरी अंधारात ठेचकाळल्यावर झाली.) साळूबाईने बूट उलटसुलट पाहिले आणि एकेकात किती ज्वारी मावेल एवढेच विचारले.

पण साहेबाने ते बूट वापरून वापरून तळव्यांना अगदी तुळतुळीत केले होते. पहिल्या रविवारी मी आणि माझा मासेमारीतला सोबती, टांगेवाला खलील, चेहेडीच्या खाली दारणेवर गेलो. तिथले दगड तुम्ही पाहिलेत. वर शेवाळ असे की बगळासुद्धा जपून उतरतो. मी ऐटीत पाण्यात शिरलो आणि तितक्याच ऐटीत पाठीवर आडवा झालो. बूट काठोकाठ भरले. पाण्याने भरलेले बूट पायांत असले की माणसाला उठून बसतासुद्धा येत नाही, हे साहेबाने लिलावात सांगितले नव्हते. खलीलने मला काठावर ओढले आणि दोन्ही पाय वर धरून घागरीसारखे उपडे केले, तेव्हा डाव्या बुटातून बोटाएवढा मासा निघाला. त्या दिवशी हाती लागलेला मासा तेवढाच.

आता दुसरा कोणी असता तर बूट ज्वारीला देऊन मोकळा झाला असता. तुमचा मेहुणा तसा नाही. मुंबईला साहेबी दुकानात खिळ्यांचे बूट मिळतात म्हणे, पण तेवढे पैसे असते तर मी मासा बाजारातूनच घेतला असता. म्हणून ठरवले की इलाज करायचा तो दुकानातल्या भंगारातून. आधी बुटांना काथ्याची दोरी गुंडाळली. चार पावले झकास पडली, मग दोरी भिजून सुटली आणि खलीलच्या गळात अडकली. मोठा मासा लागला म्हणून तो मलाच खेचत बसला. त्यानंतर सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे सोल्यूशनने चिकटवले. टायर रस्त्यावर चांगला धरतो, शेवाळावर मात्र तो तुपात टाकल्यासारखा सरकतो. मग घोड्याच्या नालेचे खिळे त्याच टायरमध्ये ठोकले. ते शेवाळ फोडून दगडात बसायचे खरे, पण उघड्या काळ्या दगडावर करकरायचे आणि मासे पळायचे. (शिवाय हौसेने मी बूट घालून घरात दोन फेऱ्या मारल्या. साळूबाईने त्याच सकाळी जमीन सारवली होती. त्याविषयी अधिक लिहीत नाही.)

खरी युक्ती सुचली ती खलीलचा घोडा पाहताना. घोड्याच्या पाठीवर साजाखाली नमदा असतो, लोकर कुटून केलेला जाड थर. खलील एक फाटका नमदा टाकायला निघाला होता. तो ओला होऊन पायरीवर पडला होता, आणि घाईत त्यावर पाय देऊनही मी घसरलो नाही. मी तिथेच खाली बसून तो नमदा पायरीवर घासून पाहिला. लोकर ओल्या शेवाळात रुतते आणि धरून ठेवते. लगेच टायरचे दोन मोठे तळवे कापले, त्यांना खालून नमदा मेणाच्या दोऱ्याने शिवला, कडेने मोजके खिळे ठोकले, आणि जुन्या साजाचे पट्टे लावून बुटावरून बांधायची चप्पल तयार केली. बुटाला भोक पडत नाही, नमदा झिजला की बदलता येतो, आणि खर्च म्हणाल तर खलीलला पाजलेला चहा. पुढच्या रविवारी मी दारणेच्या मध्यावर असा चालत गेलो जसा तुम्ही रुळांमधून चालता. हे वाक्य लिहिताना मी क्षणभर लेखणी खाली ठेवून मिशीवरून हात फिरवला आहे.

आता मुख्य गोष्ट. भाद्रपद संपता संपता मी तसाच मांडीभर पाण्यात गळ टाकून उभा होतो. तुमच्या इगतपुरीकडे वर जोराचा पाऊस झाला असावा, कारण पाणी बघता बघता गढूळ झाले आणि चढू लागले. वरच्या अंगाला गावातली नवसाबाई शेळी घेऊन दगडांवरून नदी ओलांडत होती. रोजची वाट, पण त्या दिवशी तिचा पाय गेला. म्हातारी आणि शेळी दोघी वाहत सरळ माझ्याकडे आल्या. गळाची काठी मी कधी टाकली ते मला आठवत नाही. म्हातारीचे मनगट हाती लागले. ती एकदा माझ्या पायांपाशी पार खाली गेली, मी ओढून तोंड वर काढले. दुसऱ्या हाताने तिने शेळीचा कान धरलेला.

"बाई, शेळी सोड," मी म्हणालो.

"तू मला सोडतो का?"

"नाही."

"मंग मी तिला का सोडू?"

पाणी कमरेपर्यंत आले, बूट भरले, दाजी, आणि खरे सांगतो, मला साळूबाईचा चेहरा दिसू लागला. पण तळवे तसूभर हलले नाहीत. खलीलने टांग्याचा दोर आणला, ओरडून गावकरी गोळा केले, आणि दोर धरून माणसांची रांग माझ्यापर्यंत आली. आधी शेळी गेली (नवसाबाईची अट), मग नवसाबाई, मग मी. बूट मी तिथेच सोडून आलो, कारण अशा वेळी बुटांकडे कोण पाहतो. गावच्या पाटलांनी नारळ आणि फेटा दिला आणि चारचौघांत म्हणाले, "खांब रोवल्यासारखा उभा होता गडी." तेव्हापासून नदी ओलांडणाऱ्या बायका नमद्याच्या चपला मागायला दुकानात येतात. खलीलने घोड्याच्या पाठीवरचा नमदा मोजून ठेवला आहे, न जाणो मी तोही नेईन.

आक्काला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवावे, शेजाऱ्यांना ऐकू गेले तरी हरकत नाही. दिवाळीला दोघांनी यावेच.

आपला मेहुणा,
गोरक्ष

ता. क. येताना गँगवरची एक लांब पहार आणावी. हा भाग आक्काला वाचून दाखवू नये. त्याचे असे आहे की उजवी चप्पल दोन दगडांच्या फटीत घट्ट बसली होती. पट्टे भिजून आवळले होते, म्हणजे चप्पल दगडात, बूट चपलेत आणि मी बुटात. तसूभर न हलण्याचे कारण बरेचसे हेच. खलीलने मला बुटातून उपटून काढले. डावा त्या ओढाताणीत वाहून गेला, उजवा अजून तिथेच आहे, आणि पाणी उतरल्यापासून त्याचे तोंड वर दिसते. येणारेजाणारे त्याला हात जोडतात. लोकांना खरे कारण कळण्याआधी तो काढला पाहिजे.

ता. क. दुसरा. पत्र बंद करत होतो तेवढ्यात नवसाबाई शेळीचे दूध घेऊन दुकानात आली. मला राहवले नाही, मी तिला सगळे सांगून टाकले. ती म्हणाली, "मला ठावं हाय. खाली गेले तवा तुझाच पाय माझ्या खांद्याला लागला व्हता, दगडात पक्का बसला व्हता." मी मान खाली घातली. तेव्हा ती लोटा पुढे सरकवत म्हणाली, "पाय अडकला व्हता रं. हात तर नव्हता ना अडकला?"

म्हणून वरचे काही खोडलेले नाही. पहार मात्र आणावी.