टाकीची किल्ली आणि दारातले पाहुणे

केंदूर,
रविवार, ११ मे २००३

तीर्थस्वरूप हौसराव मामांस,

सुलक्षणाचा शिरसाष्टांग नमस्कार. महाबळेश्वरची हवा तुमच्या गुडघ्यांना आणि मामींच्या रागाला मानवली असेल, अशी आशा आहे. मी धडधाकट आहे. तुमच्या बागेबद्दल तसं लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र टेबलावर ठेवून दुपारच्या एसटीने निघते आहे.

तुम्ही बजावल्याप्रमाणे मागच्या शनिवारी, ३ तारखेला, आंब्याच्या रोपांना प्रत्येकी दोन बादल्या घातल्या, हिरवळीवर पाइप सोडला आणि टाकीला कुलूप लावलं. ‘वस्तीवरच्या बायका आल्या तर मालक नाहीत म्हणून सांग,’ हे तुमचं वाक्य तर मी एसटीतच पाठ केलं होतं. (मी सांगितलेलं काम चोख करते, हेच सांगून तुम्ही कुरकुंभच्या लॅबमधल्या नोकरीसाठी शब्द टाकणार होतात.) सगळा माळ भाजून निघालेला, बाभळीसुद्धा राखाडी, आणि मधोमध तुमची हिरवळ. तिच्यावर चपला घालून जायची लाज वाटली, आणि काढून जायचीही.

मग टँकर आला. ड्रायव्हर पोपट टाकी भरत असताना मी त्याला चहा दिला आणि सहज विचारलं, मामा एवढं पाणी विकत घेतात का? तो हसला. “इकत कशाला, ताई? वस्तीचा सरकारी टँकर हाय. वस्तीचा रस्ता खराब, म्हून हितं रिकामा करायचा आन् त्यांनी हितनं न्यायचं, आसं मालकांनीच ठरवलंय.” तो रस्ता मी चालून पाहिला, मामा. वस्तीसमोर विटांनी भरलेला ट्रक उभा होता.

दुपारी धुरपदाबाई दारात आल्या. ‘मालक नाहीत’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, “बसा, पाणी आणते.” यात माझा काय दोष? लहानपणी पोस्टमनला पाणी विचारलं नाही म्हणून तुम्हीच माझा कान पिरगाळला होता. दारात आलेल्याला आधी पाणी, मग काम. धुरपदाबाई दोन घोट प्यायल्या आणि उरलेला तांब्या त्यांनी पदराआडच्या कळशीत ओतला. पाठोपाठ बयाबाई आल्या. त्याही दारात आलेल्याच, विचारणं भाग होतं. मग तुळजाबाई. (सगळ्या शिस्तीत, एकेक करून आल्या. तुमची शिकवण वस्तीवरही पोचलेली दिसते.) आत-बाहेर करून माझे पाय भरून आले. शेवटी झुंबरबाई म्हातारी म्हणाली, “पोरी, आसं चमच्यानं कवा व्हायचं? काढ की ते कुलूप. मालकाला सांग, पावनं लई आलं व्हतं.”

मी काढलं.

संध्याकाळी टाकीचा तळ दिसला. (तिथे तुमचा हरवलेला पाना सापडला. खिडकीत ठेवला आहे.) आंब्यांना मी आठवडाभर भांडी विसळलेलं पाणी घालते आहे, ते जगतील. हिरवळ मात्र पिवळी पडू लागली आहे. आता तिच्यावर चपला घालूनच जावं लागतं, म्हणजे तोही प्रश्न मिटला.

कान पिरगाळणारा मामा खरा की कुलूप लावायला सांगणारा, एवढं मात्र कळवा.

तुमची,
सुलक्षणा

ता. क. लॅबसाठी शब्द टाकायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा. एवढं सगळं लिहूनही मला ती नोकरी हवी आहे, आणि त्याची लाज वाटते.

ता. क. २. टाकीची किल्ली धुरपदाबाईंकडे आहे. न्यायला तुम्हालाच त्यांच्या दारात जावं लागेल. घाबरू नका. त्या आधी पाणी विचारतील, मग काम.