पहाटेचा रकाना

सोमवार, ५ जानेवारी २०२६
वाचनालयाचं पत्र आलं! येत्या अठराला, रविवारी सभा — ‘हवामान का बदललं?’ आधी कॉलेजच्या योगिनी मॅडम, मग मी. त्या पीएचडी. मी दहावी पास, वजनकाटे दुरुस्त करणारा. पण एकोणीस वर्षं रोजचं तापमान लिहून ठेवणारा रत्नागिरीत दुसरा कोण आहे? वह्या माझ्या. तापवतो तो सूर्य. धुराच्या नावाने उगाच ओरड. दुपारी अडीचची सरासरी ०.४ अंशाने चढलीय. तक्ता करायला घेतला.

बुधवार, ७
मॅडम प्रयोगशाळेचा काटा घेऊन दुकानात आल्या. ऐटीत तक्ता दाखवला. “काका, सूर्यामुळे असतं तर दिवस जास्त तापले असते. धुरातला वायू रात्रीसुद्धा उष्णता धरून ठेवतो. तुमचे पहाटेचे आकडे काय सांगतात?”

मला माहीतच नाही! साडेपाचचा रकाना कमळा भरते — नळाला पाणी येतं, ती उठलेलीच असते. बायकोने लिहिलेलं, म्हणून मी कधी बेरजेला घेतलंच नाही. हे मॅडमना बोललो नाही. “बघतो,” म्हटलं.

शुक्रवार, ९
पहिली पाच वर्षं, शेवटची पाच वर्षं. तीनदा बेरीज केली. दुपार ०.४. पहाट १.१!
म्हणजे मॅडमचंच खरं?

शनिवार, १०
शेजारची चार मजली इमारत! सिमेंट रात्रभर ऊब सोडतं. सुटलो!

— नाही सुटलो. इमारत २०१९ची. त्याआधीची वर्षं वेगळी काढली. तरी पहाटच पुढे.

रविवार, ११
मग कमळाच चुकत असणार. उद्यापासून तिच्याआधी उठून आकडा घ्यायचा. तिला सांगायचं नाही.

गुरुवार, १५
चार दिवस घेतला. तीन दिवस तिचा-माझा आकडा एकच. काल अर्ध्या अंशाचा फरक. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं — बरोबर तिचाच.

ती हसतेय. “सगळी वर्षं ढाराढूर झोपलात, आता हे काय? पित्त झालंय का?”

शनिवार, १७
नुसता दुपारचा तक्ता नेला तर? सभेत कोण वह्या उघडून बघणार? मॅडमही भिडेखातर गप्प बसतील. दिवसभर हेच डोक्यात. एका गिऱ्हाइकाचा काटा पाच ग्रॅम जास्त दाखवत होता, तसाच परत दिला! मागून धावत जाऊन आणला.

शेवटी कमळाला सगळं सांगितलं. पोहे परतता परतता म्हणाली, “सूर्य का धूर, ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा. पहाटे आता गोधडी लागत नाही, हे कधीची सांगत्येय मी. तुम्ही म्हणायचात, तुझं वय झालं.”

म्हणायचो खरा.

रविवार, १८
दोन्ही रकाने वाचले. “मी चुकलो,” म्हटलं. कुणी टाळी वाजवली नाही. मॅडम उठून जवळ आल्या, वह्यांची पानं उलटत म्हणाल्या, “पहाटेचा एक दिवस चुकलेला नाही! कुणाचं हो हे अक्षर?”

तिसऱ्या रांगेत बसलेल्या कमळाकडे बोट केलं. “हिचं. वह्याही हिच्याच.”