दुधाच्या टाक्या नव्हत्या त्या

काळेवाडी, पिंपरी
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तू आणि प्रभावती वहिनी बरे असाल. इकडे समाधानची पहिली पाळी चालू आहे. सोनूची दहावीची सराव परीक्षा संपली, आता ती दिवसभर झोपा काढते आणि मी ओरडते. फोनवर तू ‘हां, बरं’ एवढंच म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. हातात कागद आला की तू शेवटपर्यंत वाचतोस.

वहिनींकडून कळलं की महिनाअखेरीला सड्यावरच्या, आपल्या गावामागच्या कातळावरच्या, अणुवीज प्रकल्पाची जनसुनावणी आहे आणि गावाच्या वतीनं तू बोलणार आहेस. बरं वाटलं. त्याच दिवशी ठरवलं की तुला लिहायचं. त्यालाही आठ दिवस झाले.

तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. राहून गेली असं नाही, मी ठेवली. बाबांच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते तेव्हा तू विचारलंस, ‘अमू, तुझी कंपनी बनवते काय गं?’ मी म्हणाले, दुधाच्या टाक्या. पूर्वी ते खरं होतं. भोसरीला लागले तेव्हा पहिली सात वर्षं आम्ही डेअरीचंच काम करायचो. पण बाबा जायच्या चार महिने आधी आम्हाला अणुवीज केंद्राचं काम मिळालं होतं. तिथलं पाणी थंड करणारी स्टीलची मोठी भांडी. त्यांचे जोड तपासायचं काम माझ्याकडे आलं. प्रकल्पाविरुद्धच्या मोर्चात धरल्यामुळे तू नुकताच आठ दिवस आत राहून आला होतास. तुझ्या तोंडावर कसं सांगणार होते? आज सांगू, उद्या सांगू करत तीन वर्षं गेली.

एवढंच असतं तर फोनवरही बोलले असते. पुढचं जास्त अवघड आहे.

सप्टेंबरात फ्रान्समधली एक कंपनी आमचं काम बघायला येणार होती. त्यांना भारतातून सुटे भाग घ्यायचे आहेत. दोन्ही सरकारांचे करार आहेतच, आणि अणुऊर्जेचा कायदा बदलणार असं तेव्हापासून बोललं जात होतं. गेल्या महिन्यात तो बदललाही. आमचे मालक तर हवेत होते. नमुना म्हणून एक भांडं बनवलं. सोमवारी पाहुणे येणार आणि शनिवारी दुपारी मी शेवटची तपासणी करत होते. जोडावर लाल रंग लावायचा, थोड्या वेळानं स्वच्छ पुसायचा आणि वरून पांढरी पावडर फवारायची. कुठे चीर असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. तू होड्यांची इंजिनं उघडतोस, तुला हे लगेच कळेल. एका जोडावर रेघ उमटली. तांदळाच्या दाण्याएवढी असेल.

मी जयसिंग साहेबांना बोलावलं. ते उत्पादनाचे प्रमुख. मला कामाला त्यांनीच लावलं, अडीअडचणीला नेहमी उभे राहिले. त्यांनी वाकून रेघ पाहिली. मग म्हणाले, ‘आम्रपाली, नमुनाच आहे हा. कुठं बसवायचा नाही. वरून घासून घेऊ, तू सही कर.’

मी सही केली, दादा.

रविवारी समाधाननं विचारलं, बरं नाही का. मी त्यालाही काही सांगितलं नाही. दिवसभर तू डोळ्यांपुढे होतास. ‘ह्यांच्या कागदावर कोण विश्वास ठेवणार?’ असं तू मोर्चात माईकवर म्हणाला होतास. तेव्हा मला राग आला होता. आम्ही किती काटेकोर काम करतो हे ह्याला काय माहीत, असं वाटलं होतं. आणि आता तोच कागद माझ्या सहीचा होता.

सोमवारी बैठकीत पाहुण्यांपुढे फाइल उघडली. माझं पान आलं तेव्हा मी उठले. हिंदी, इंग्रजी जे सुचेल त्यात म्हणाले, ही सही चुकीची आहे, जोडात चीर आहे, मला माहीत होतं. त्यांच्या तपासनीस, एलोडी नावाच्या बाई, उठल्या आणि म्हणाल्या, दाखवा. वर्कशॉपमध्ये जाऊन मी सगळ्यांसमोर पुन्हा रंग लावला. घासूनही रेघ उमटलीच. खाली खोल होती ती.

नंतरचं सगळं गोड नाही. मला पंधरा दिवस घरी बसवलं. काम तीन महिने अडकलं, वेल्डरांचा ओव्हरटाइम गेला, त्यातले काही अजून मला बघून मान फिरवतात. जयसिंग साहेब महिनाभर बोलले नाहीत. मग एक दिवस स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, ‘सही मी मागितली होती, हे मी मालकांना सांगितलंय.’ डिसेंबरात फ्रान्सचे लोक परत आले. नवं भांडं मी तपासलं आणि ते पास झालं. काम मिळालं, ठरलं होतं त्याच्या निम्मं. आता माझी सही नसेल तर माल फाटकाबाहेर जात नाही, मालकांनाही तो पाठवता येत नाही, असं मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय.

डिसेंबरातल्या त्या भेटीत कॅंटीनमध्ये एलोडीबाई माझ्याजवळ बसल्या. त्यांचं गाव अणुवीज केंद्राला लागून आहे. तिथे केंद्रावर नजर ठेवायला गावच्या लोकांची समिती असते. त्यांचे वडील शेतकरी, त्या समितीवर आहेत. केंद्रवाल्यांना बसवून प्रश्न विचारतात आणि त्यांना उत्तरं द्यावी लागतात. मी म्हटलं, माझा भाऊही असाच आहे. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या कारखान्यात मी तुझं नाव घेतलं.

तू विरोध सोड असं मी म्हणत नाही. मला वाटतं ही वीज लागणार आहे, तुला वाटतं आपल्या सड्यावर ती नको. ते राहू दे. पण सुनावणीत नुसत्या घोषणा झाल्या तर साहेब लोक ऐकून घेतील आणि जेवायला जातील. त्यांना विचार, जोड कोण तपासणार आणि ते कागद गावाला बघायला मिळतील का. बाहेरदेशी बनलेल्या भागात दोष निघाला तर भरपाई कोण देणार, ती कंपनी की आपलंच सरकार, हे नव्या कायद्याचं कलम वाचून सांगायला लाव. समुद्रात सोडायचं पाणी किती गरम असेल आणि ते कोण मोजणार? आणि काम थांबवायचा अधिकार असलेला एक तरी माणूस आपल्या गावचा असेल का?

तू म्हणालास तर मी येते. कुठे काम करते तेही सगळ्यांसमोर सांगेन. गावाला ते रुचणार नाही, कदाचित तुलाही नाही. घरी नको म्हणालास तर त्याच दिवशी एसटीनं परत फिरेन.

खोट्या सहीची लाज तुझ्यासमोर कबूल करणारी,
तुझी अमू


२० जानेवारी

अमू,
जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा फाडणार होतो, तुझ्या वहिनीनं हातातून काढून घेतलं.

टाक्यांचा मला संशय होता. दुधाच्या टाकीला कोण एवढं ट्रेनिंग देतं? विचारलं नाही, कारण तू खरं सांगितलं असतंस तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं. एवढी माझीही चूक.

सहीचं वाचून संताप आला. सोमवारचं वाचून शांत झालो. माझ्याच्यानं तेवढं झालं असतं की नाही, ठाऊक नाही.

तुझे प्रश्न गावच्या मंडळींना वाचून दाखवले. खंडूकाका म्हणाले, हे विचारायला पाहिजेच. भरपाईचं नीट समजलं नाही, ते आल्यावर समजावून सांग. विरोध आहे तिथंच आहे. पण आता काय विचारायचं ते कळतंय.

एक दिवस आधी ये आणि घरीच उतर. सुनावणीत तुझी ओळख मी करून देणार, माझी बहीण म्हणून. कुठे काम करतेस ते तू सांग. कोणी काही बोललं तर मी शेजारी उभा असेन.

प्रकल्पाच्या विरोधातला आणि तुझ्या बाजूचा,
दादा