उन्हाचं निमित्त

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यापासून एका जागी बूड टेकत नाही. सकाळपासून स्वयंपाकघरातले डबे दोनदा पुसून झाले. तुझी भावजय म्हणाली, "आजारी तू आणि दमतेय मी." भूक अशी की ताटावरून उठतो आणि पुन्हा ओट्यापाशी घुटमळतो. तोंड सुजून गरगरीत झालंय, परवा दाढी करताना आरशात कोण आलंय असं वाटलं. खिडक्यांना जाड पडदे लावलेत आणि भरदुपारी दिवा लावून मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालतोय.

तुला हे सगळं तुकड्यातुकड्यानं कळलंय, आता सलग सांगतो. इतकी वर्षं लोकांच्या छपरांवर सोलर पॅनल बसवले, उन्हावरच पोट भरलं. गेल्या उन्हाळ्यात सकाळी उठलं की बोटं आखडलेली असायची, पाना धरवत नसे. मग थकवा आला. तो कामाचा थकवा नव्हे, झोपून उठलं तरी जात नसे. शिडीच्या मध्यावर थांबून दम खायचो. दुपारी नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उठायचा, फुलपाखरानं पंख पसरावेत तसा. कामावरचा जोडीदार म्हणायचा, "छपरावर काम करतोस, ऊन लागणारच. टोपी घाल." घातली. तोंडात फोड आले, ते उष्णतेचे ठरले. केस गळू लागले, ते वयाचे. प्रत्येक दुखण्याला वेगळं कारण मिळत गेलं आणि सगळी दुखणी एकाच घरची आहेत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शेवटी एका सकाळी घोटे इतके सुजले की पाय बुटात जाईनात. लघवीला साबणासारखा फेस येत होता, तो मी पाण्याचा जोर समजत होतो.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा बाकांवर सगळ्या बायका. नर्स माझ्या बायकोला म्हणाली, "तुम्ही आत या, मिस्टरांना बाहेर बसू दे." आतमध्ये बाईंनाही हसू आलं. म्हणाल्या, "या आजाराचे दहा पेशंट आले तर नऊ बायका असतात. दहावे तुम्ही." मग हसू आवरून त्यांनी ल्यूपस नावाचा हा आजार समजावला. शरीराचे रखवालदार बिथरतात आणि चोर सोडून घरच्याच माणसांना बडवत सुटतात. कधी सांधे, कधी कातडी, कधी हृदयाचं नाहीतर फुप्फुसाचं आवरण. रक्ताच्या एका तपासणीवर त्या थांबल्या नाहीत, ती धडधाकट माणसातही कधीकधी पॉझिटिव्ह येते म्हणे. रक्त पुन्हा तपासलं, लघवी तपासली, मग पालथं झोपवून सुईनं मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढला. मूत्रपिंडांना सूज होती. ताई, ती एकदाही दुखली नव्हती. त्या दिवसापासून मला न दुखणाऱ्या गोष्टींची जास्त भीती वाटते.

उपचार कुठला, हे आम्हालाही ठरवायचं होतं. एक जालीम इंजेक्शन होतं, पण बाईंनी सरळ विचारलं, "मूल हवंय का?" कारण त्यानं पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते.  माझ्याआधी बायकोच म्हणाली, "हवंय. आणि हाही हवाय." बाईंनी दोन वेळच्या गोळ्यांचा मार्ग दिला, बाळाचा विचार करण्याआधी त्यांना विचारायचं, असं बजावून. सोबत मलेरियाला देतात ती एक गोळी आहे. ती बहुधा कायमची, आणि तिच्यापायी दरवर्षी डोळे तपासायचे. स्टेरॉइड हळूहळू उतरवायचं, मनानं एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. आजार मुळासकट जात नाही, पण झोपवून ठेवता येतो. लघवीतून जाणारं प्रोटीन, ज्याचा तो फेस यायचा, आता निम्म्यावर आलंय. ऊन लागलं की हा आजार भडकतो, म्हणून कंपनीनं मला आत बसवलंय, कुठल्या छपरावर किती पॅनल बसतील याचे आराखडे काढायला. जोडीदार वरून फोन करून माझ्या चुका काढतो. मी आतून त्याच्या काढतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. रविवारी तू कामावरून व्हिडिओ कॉल केलास, तेव्हा तुझी बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती आणि बोलता बोलता निळी झाली. मी विचारलं तर म्हणालीस, "दिवसभर कोल्ड स्टोरेजमध्ये भाजीच्या पेट्या उचलते, बोटं गारठणारच." मग फोन दुसऱ्या हातात घेताना मनगट धरून कळवळलीस. गाल लाल होते, तेही तू थंडीवरच ढकललंस. मी बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, भावाला आहे म्हणून बहिणीला असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतंच. बोटं पांढरी पडणं तर पुष्कळांना होतं, त्यात काही निघत नाही. पण सांधे, गाल आणि बोटं, तिन्ही एकत्र असतील तर रक्त आणि लघवी तपासायलाच हवी. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. शनिवारी ऊन उतरल्यावरच्या बसनं मी निघतोय. सोमवारची रजा टाक, लॅबमध्ये मी तुझ्याबरोबर बसेन. काही निघालं नाही तर आयुष्यभर मला घाबरट म्हण, मी निमूट ऐकेन. निघालंच, तर ताई, तुला एकही गोष्ट एकटीनं समजून घ्यावी लागणार नाही.

तुझाच,
शेंडेफळ