सत्तेचाळीस नंबरची भिंत

नागपूर, ३ ऑक्टोबर १९७९

ती. जयवंता आत्यास भागीरथेचा जय सेवा. वि. वि.

तू पाठवलेली अंबाडीची चटणी खोलीतल्या मैत्रिणींनी दोन दिवसांत फस्त केली. आणखी पाठव.

इथल्या चित्रदालनात मला बारा फुटांची भिंत मिळाली आहे. रविवारी वस्तीतल्या बायकांना गेरू-मातीची चित्रं शिकवते. नोकरी कच्ची, सहा महिन्यांची. भिंतीवर मी आपलं घर काढलं. मोर, मोहाचं झाड, आणि मधोमध धरणाच्या मोजणीवाल्यांनी आपल्या घरावर मारलेला ४७ नंबर. तू पोळ्याला काढलीस तशी ठिपक्यांची चौकटही त्याच्याभोवती काढली.

आमचे साहेब महादेवराव मोरावर खूश झाले आणि नंबरावर अडले. म्हणाले, ही सरकारी खूण आहे, आदिवासी कला नव्हे. चौदा तारखेच्या रविवारी पाहुणे यायच्या आत पुसून टाक, नाहीतर नोकरी वाढणार नाही. आत्या, मला ही नोकरी हवी आहे गं. पण नंबर पुसून नुसता मोर ठेवला, तर आपलं घर बुडणार आहे हे कोणाला कळणार? काय करू, लगेच कळव.

माया आहेच, थोडी हिंमतही पाठव.
तुझी, भागीरथा

बोरटोला, ८ ऑक्टोबर

चि. भागीरथेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

चौथी पास बाईला सल्ला विचारतेस म्हणजे शहरात अक्कल महाग दिसते.

मी वावरात असताना ते डांबराचा डबा घेऊन आले आणि माझ्या मोराच्या मानेवरच नंबर मारून गेले. खूप खरवडलं, माती निघाली पण डांबर निघेना. मग चौकट काढली. माझ्या भिंतीवर आला, तो माझा झाला.

आपली रीत विसरलीस का? दुसऱ्याची भिंत आपण पुसत नाही, आणि आपली कोणाच्या सांगण्यावरून पुसत नाही. ज्याला पुसायची असेल त्याने स्वतः पोतेरं हाती घ्यावं. साहेबाला ओलं पोतेरं दे. नोकरी गेली तर घरी ये. बुडेपर्यंत घर आहे, आणि ते मी सहजी बुडू देणार नाही.

रडू नकोस, जेवत जा.
तुझी आत्या जयवंता

नागपूर, १५ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल तू सांगितलंस तसं केलं. वीस बायका बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, अजून पुसलं काहून नाही. मी पोतेरं बादलीत बुडवून त्यांच्या हातात दिलं आणि आपली रीत सांगितली. इस्त्रीच्या बाहीतून पाणी गळत राहिलं. त्यांनी शिपाई लहानूला पुढे बोलावलं, तर तो म्हणाला, साहेब, माझं काम फरशीचं हाय, भिंतीचं नाही.

तेवढ्यात सिंधूताई उठल्या. स्टेशनमागच्या वस्तीत राहतात, चार रविवारांत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांच्या झोपड्याही हटवणार आहेत, दारोदार चुन्याने नंबर मारून गेलेत. त्यांनी माझ्या ४७ शेजारी आपला ११२ काढला आणि भोवती ठिपके दिले. मग एकेक उठली. पाहुणे आले तेव्हा भिंतीवर बोटभर जागा उरली नव्हती. साहेब म्हणाले, आता सगळीच भिंत चुन्याने रंगवावी लागेल. सिंधूताईंनी ऐकवलं, रंगवा, पण कोणाचं घर पुसून राहिले ते एकेकीले नाव घेऊन विचारा.

साहेबांना एकीचंही नाव येत नव्हतं. भिंत अजून तशीच आहे. माझी नोकरी मात्र महिनाअखेर संपते, कागद आजच हातात पडला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सिंधूताईंनी वर्गासाठी आपला ओटा सारवून ठेवला आहे. मी इथेच राहणार.

रागावू नकोस, रागावलीस तरी लिही.
तुझी, भागीरथा

बोरटोला, १९ ऑक्टोबर

चि. भागीरथेस आशीर्वाद. वि. वि.

रागावू कशाला? तुझं पत्र मी चावडीवर मोठ्याने वाचलं. दिवाळी झाली की रविवारच्या पहिल्या एस.टी.ने आम्ही अकरा जणी येतो आहोत, आपापल्या घरची माती घेऊन. आत जागा नाही असं लिहू नकोस. त्या दालनाची रस्त्याकडची भिंत किती लांब आहे, तेवढं मोजून ठेव.

सगळ्या जणींची माया.
तुझी आत्या जयवंता