उघड्या इंजिनाची आणि इतर चीजवस्तूंची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, जिला ही सगळी गल्ली कोटवाल्या आजी म्हणते, आज पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र आपखुशीने, कोणाच्याही धाकदपटशाविना लिहून ठेवत आहे. ह्या घरात धाकदपटशा आजवर फक्त मीच केला आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाईंनी लिहायला बसण्यापूर्वी माझा रक्तदाब मोजला. "आजी, माझ्यापेक्षा तुमचा बरा आहे," असं त्या म्हणाल्या. म्हातारीला भ्रम झाला होता असं पुढे कोणी म्हणू नये, म्हणून ते इथे नोंदवते.

याआधी थोरल्याने छापून आणलेलं मृत्युपत्र, ज्यात मी माणूस नसून पानोपानी 'सदरहू' होते, ते रद्द समजावं.

कलम एक. राहतं घर दोघा मुलांना सारखं. नर्सबाईंना त्यांची मर्जी असेपर्यंत कोणी हलवू नये. पायमशीनही त्यांनाच द्यावं, कारण घरात दुसऱ्या कोणाला सुईत दोरा ओवता येत नाही.

कलम दोन. माझी मोठी कात्री धाकट्याला आणि मोजपट्टी थोरल्याला द्यावी. अदलाबदल करू नये. धाकटा जन्मभर नुसता मोजत बसला, कापायला त्याचा हात कधी धजला नाही. थोरला आधी कापतो आणि मग माप शोधायला निघतो. ज्याच्याकडे जे नाही ते त्याला दिलं आहे.

कलम तीन. इंजिन. बाकीच्या वस्तूंवरून भांडणं होणार नाहीत. झालंच तर ह्याच्यावरून होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची जुनी गाडी मागच्या पडवीत उभी आहे, पण तिचं इंजिन तिच्यात नाही. ते दिवाणखान्यात आहे. गाडी धूर सोडायला लागली तेव्हा ह्यांनी ते उतरवलं, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून एकेक भाग मांडला आणि म्हणाले, "रविवारपर्यंत बसवतो." त्या रविवारच्या आत हेच गेले. पिस्टन मी पुसून, फलाटीनच्या तुकड्यांत गुंडाळून माझ्या कपाटात ठेवले. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ते जड ओतीव धूड, टेबलावरून खाली उतरवला आणि त्याच्यावर टेबलक्लॉथ घातला. तेव्हापासून आम्ही त्याच्यावर चहाचे कप ठेवतो.

माझ्या दोन्ही मुलांचं त्या ब्लॉकवर माझ्यापेक्षा जास्त लक्ष आहे. थोरल्याचं म्हणणं, सिलिंडरची भोकं मोठी करून घ्या, क्रँक घासा, हेड सपाट करा, जे जे यंत्राखाली जाईल ते सगळं घाला. गाडी नव्यासारखी झाली पाहिजे. धाकट्याचं म्हणणं, बाबांचा हात लागलेल्या वस्तूला आता दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. पिस्टनवरच्या नुसत्या रिंगा बदला. थोरल्या सुनेचं म्हणणं, वर काच बसवली तर छान टीपॉय होईल, मासिकात तसा फोटो आला होता. तिघांत सर्वांत कमी खर्चाची सूचना तिचीच आहे हे मान्य करून ती मी फेटाळते.

ह्यांचे जुने दोस्त लेथवाले, ज्यांना सगळे सूतभर म्हणतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; कोणी चहा विचारला तरी ते "सूतभरच द्या" म्हणतात), त्यांच्याकडे थोरला ब्लॉक घेऊन गेला होता.

"पिस्टन आणलेत?" सूतभरांनी विचारलं.

"ते नंतर आणू."

"मग भोकंही नंतर पाडू. अरे, पिस्टन हातात आल्यावर त्याच्या मापाने भोक पाडतात. तुझ्या आईला विचार, ती माणूस समोर उभा केल्याशिवाय कोट कापते का?"

थोरला चिडला. काचेचा दरवाजा आणि कॉफीचं मशीन असलेल्या एका कारखान्यात ब्लॉक घेऊन गेला. तिथे त्याला कोणी काही विचारलं नाही, नुसतं साहेब म्हटलं. परत आला तेव्हा भोकं आरशासारखी चकाकत होती, आणि त्या मापाचे पिस्टन जगात कुठेच मिळत नव्हते. बाजारातल्या सगळ्यांत मोठ्या पिस्टनपेक्षाही ती मोठी झाली होती.

"मी सांगत होतो," धाकटा म्हणाला.

थोरल्याशी त्याचं हे शेवटचं वाक्य. त्यानंतर दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. दर रविवारी जेवायला येतात, ब्लॉकच्या दोन बाजूंना बसतात आणि माझ्यामार्फत व्यवहार करतात. "आई, त्याला म्हणावं खास पिस्टन करून घेता येतात." "आई, त्याला म्हणावं आधी मीठ इकडे दे." मीठ दोघांच्याही हाताशी असतं. उठून मी देते.

~~तरी माझ्या पश्चात दोघांनी एकत्र बसून, इंजिनाचं कोणतं काम करायचं ते एका चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सहीने सूतभरांकडे द्यावं. तोवर इंजिनाला हात लावू नये.~~

वरचा मजकूर मी स्वतः खोडला आहे. कारण असं की काल साक्षीदार म्हणून सही करायला सूतभर आले, आणि सही करण्याआधी वाचायला बसले. हा माणूस मापल्याशिवाय काहीच करत नाही.

"वहिनी, ही दोघं एका चिठ्ठीवर सही करतील?"

"करतील की. मी गेल्यावर करतील."

"मग मी कशाला थांबलोय? तुमच्यामागे मी काय शंभर वर्षं लेथवर उभा राहणार आहे? गाडी कोणाची?"

"ह्यांची. आता माझी."

"मग तुम्हीच सांगा ना. काय करू?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी मला निरोप सांगितले, प्रश्न एकानेही केला नाही. आणि खरं सांगते, मीही बसून ऐकत राहिले, जणू गाडी शेजाऱ्यांची आहे. मी कपाट उघडलं आणि पिस्टन काढून ब्लॉकवर मांडले. सूतभरांनी मायक्रोमीटर लावून एकेक मापला. "पिस्टन ठणठणीत आहेत. रिंगा तेवढ्या गेल्यात."

"कोट ढगळ झाला तर मी आतून अस्तर घालते आणि अंगाला पुन्हा बेतते," मी म्हटलं. "भोकांना अस्तर घालता येतं?"

"लायनर म्हणतात त्याला. येतं की!"

"मग घाला. आणि ह्यांच्याच पिस्टनच्या मापाने बेता. क्रँकचं काय?"

"मापात आहे. नुसता पॉलिश करतो."

म्हणजे थोरला म्हणतो तसं यंत्राखाली जावंच लागलं, आणि धाकटा म्हणतो तसं जे चांगलं आहे त्याला हात लागला नाही. दोघांनी एकदा मीठ सरळ एकमेकांच्या हातात दिलं असतं, तर हेच ठरलं असतं.

आज सकाळी सूतभरांची दोन माणसं येऊन ब्लॉक घेऊन गेली. फरशीवर त्याचा चौकोन उरला आहे, तो मी पुसणार नाही. उद्या रविवार. मधे काही नसताना दोघे समोरासमोर कसे बसतात ते मला पाहायचं आहे. मीठ मी त्या चौकोनात ठेवणार आहे, आणि उठणार नाही.

कलम चार. बँकेतल्या शिलकीतून सूतभरांचं बिल आधी भागवावं. उरेल ते दोघांना सारखं.

कलम पाच. गाडी दोघांची. किल्ली एकच आहे, दुसरी करून घेऊ नये. नव्या रिंगा बसेपर्यंत सुरुवातीचे बरेच मैल गाडी हळू, प्रेमाने चालवावी लागते असं सूतभर सांगतात. ते मैल माझे. त्यामुळे हे मृत्युपत्र उघडायची कोणी घाई करू नये.

ठिकाण: राहत्या घरातली शिवणाची खोली.
दिनांक: ब्लॉक लेथवर गेला तो शनिवार, दुपार.

(सही) कोटवाल्या आजी

आजींनी आमच्यासमक्ष सही केली, आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई
२. सूतभर, लेथवाले. (सहीशेजारचा काळा अंगठा ग्रीसचा आहे. तो खाडाखोड समजू नये.)